वाडीतल्या पाच घरच्या खुडूक कोंबड्या एकाच दिवशी रवणीला बसवायच्या आहेत

केवडा | ९ मार्च २०२५, रात्री ९:४०

आमची तांबडी कोंबडी काल दुपारी खुडूक झाली, म्हणजे अंडी उबवायला बसली. हात घातला की अंग फुगवून कुरकुरते, टोपलीतून उठायचं नाव नाही. दरवर्षी कोणी खुडूक झाली की त्याच संध्याकाळी तिच्याखाली अंडी सारून मी मोकळी होत असे. यंदा तसं करायचं नाही असं ठरवलंय. त्याबद्दल इथल्या जाणत्या मंडळींशी बोलायचं आहे, म्हणून हा धागा.

देवरूखच्या बाजूची आमची वाडी. अकरा घरं, त्यातल्या पाच घरी कोंबड्या. आमच्याकडे १४ कोंबड्या आणि २ कोंबडे, सगळे गावठी. दिवसभर आगरात, काजूखाली, शेणकीवर उकरतात आणि तिन्हीसांजेला आपणहून खुराड्यात येतात. गेल्या वर्षी माझ्या तीन कोंबड्यांनी मिळून २६ पिलं काढली. जूनअखेर त्यातली ७ उरली. निम्म्याहून जास्त मानमोडीनं (राणीखेत रोगानं) गेली, बाकीची पहिल्या पावसाच्या चिखलात.

मानमोडीची लस असते हे मला माहीत होतं. मेडिकलमध्ये छोट्यात छोटी कुपी मिळाली ती १०० डोसची, आणि एकदा विरघळवली की दोन तासांत संपवायची. तेव्हा माझी ९ पिलं आठवड्याची, शेजारच्या काकींची तीन आठवड्यांची, वरच्या घरची अजून अंड्यातच. नऊ थेंबांसाठी कुपी फोडायची आणि उरलेले ९१ डोस मातीत ओतायचे हे जिवावर आलं, मी पुढच्या आठवड्यावर ढकललं. त्याच आठवड्यात पिलं माना वाकड्या करून गिरक्या घेत पडायला लागली. ते दृश्य अजून डोळ्यांपुढून जात नाही.

म्हणून यंदा पाचही घरांनी एकाच संध्याकाळी रवण बसवायची, म्हणजे खुडूक कोंबडीखाली उबवायला अंडी ठेवायची. पिलं एका वयाची, कुपी एक, सकाळ एक. दुसरा हिशोब पावसाचा. मृग निघतो ७ जूनला. तेव्हा पिलं दोन महिन्यांची, अंगभर पिसं आलेली हवीत. म्हणजे एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात ती बाहेर यायला हवीत, आणि २१ दिवस मागे गेलं की मार्चचा मध्य. मी १६ मार्च, रविवार धरला आहे.

अडचण अशी की तांबडी आत्ताच खुडूक आहे आणि बाकीच्या घरच्या कोंबड्या अजून अंडी देतायत. आठ दिवस तिला थोपवून कसं धरायचं? आणि या उकाड्यात तोवर अंडी कुठे ठेवायची?

डोंगरवाट | ९ मार्च, रात्री १०:१५

केवडाताई, थोपवायचं काहीच नाही, तिला बसू द्या. खरी अंडी काढून घ्या आणि दोन-तीन गुळगुळीत गोटे ठेवा, अंड्याएवढे. आमच्या पाटणकडं नदीतले गोटे याच कामासाठी घरात असतात. कोंबडी मोजत नाही, पोटाला गोल काहीतरी लागलं की तिला पुरतं. आठ-दहा दिवस आरामात बसते. ज्या संध्याकाळी बसवायची त्या संध्याकाळी अंधार पडल्यावर गोटे काढून अंडी सारायची. दिवसा सारलीत तर उठून बघते, बिचकते. रात्री कोंबडीला दिसत नाही, गपगुमान घेते.

बाकीच्या घरी खुडूक व्हायला हव्यात तर त्यांना सांगा, टोपलीतली अंडी उचलू नका. रोज उचललं तर ती देतच राहते. आठ-दहा साठली की तिच्या मनात येतं. फक्त त्यावर कोळशानं खूण करा, नाहीतर जुनं कुठलं नि ताजं कुठलं कळायचं नाही. ती खुणेची अंडी खायला, रवणीला ताजी वेगळी.

गोठाडॉक्टर | १० मार्च, सकाळी ७:०५

मी पशुवैद्यक आहे, सरकारी नोकरीतून निवृत्त. गावोगावच्या परसातल्या कोंबड्या आयुष्यभर पाहिल्या. तुम्ही पकडलेलं दुखणं शंभर टक्के खरं आहे. परसातली पिलं लस नसल्यानं जेवढी मरतात त्याहून जास्त, लस मिळत असून कुपी मोठी असल्यानं मरतात. डोंगरवाटांची गोट्यांची युक्ती उत्तम.

अंड्यांबद्दल. अंडं कोंबडीखाली गेल्यावरच आत जीव वाढायला लागतो असं आपण समजतो. प्रत्यक्षात साधारण २५ अंशांच्या पुढे वाढ हळूहळू सुरू होते. मार्चमध्ये दुपारी घरात ३२-३३ अंश असतात. म्हणजे शिंकाळ्यातल्या टोपलीत अंडं अर्धवट जागं होतं, रात्री गारव्यात थांबतं, दुसऱ्या दिवशी पुन्हा जागं. चार-पाच दिवस असं झालं की आतला जीव मरतो. मग लोक कोंबड्याला दोष देतात. पाटीत ओली वाळू घ्या, तिच्यावर गोणपाट, त्यावर अंडी, टोकदार बाजू खाली. पाटी माठाशेजारी, वारा येईल अशा सावलीत. दिवसातून एकदा कूस बदला. सात दिवसांपेक्षा जुनं अंडं रवणीला नको. धुवायचं अजिबात नाही, कवचावरचा नैसर्गिक थर निघतो आणि छिद्रांतून घाण आत जाते. मळकं असेल तर रवणीतून बाद.

एका कोंबड्यामागे आठ-दहा कोंबड्या ठीक. तुमचं प्रमाण चांगलं आहे.

वऱ्हाडवाटा | १० मार्च, दुपारी १:३०

मी वर्ध्याकडची. आमच्या आईचा नियम आहे, होळी पेटली की रवण बंद. आम्ही संक्रांतीनंतर बसवतो, माघात पिलं निघतात. होळीनंतर आमच्याकडं टिनाच्या खाली पारा ४२-४३ वर जातो. कोंबडी चोच वासून, पंख पसरून टोपलीच्या बाहेर उभी राहते, अंडी तशीच उघडी. अंड्याला ३७-३८ अंश लागतात, ४० च्या वर तासभर गेलं तर आतलं शिजल्यासारखं होतं. दोन वर्षं मी आईचं न ऐकता चैत्रात बसवली, १२ मधून २ पिलं निघाली. तुम्हाला कोकणात जमत असेल, पण हा धागा वाचून विदर्भातलं कोणी एप्रिलमध्ये बसवू नका.

केवडा | १० मार्च, रात्री ८:५०

वऱ्हाडवाटा, हे तुम्ही लिहिलंत ते फार बरं झालं. आमच्याकडे पारा ३५-३६ च्या वर क्वचित जातो, त्रास असतो तो दमटपणाचा. टोपल्या मी पडवीच्या उत्तरेच्या कोपऱ्यात ठेवते, तिथे जमीन शेणानं सारवलेली आणि गार असते.

डोंगरवाट, गोटे ठेवले. तांबडीनं पाच मिनिटांत पोटाखाली ओढून घेतले.

नवखा_परस | ११ मार्च, सकाळी १०:२०

पुण्याच्या कडेला छोटं घर घेतलंय, मागे गुंठाभर मोकळी जागा. दोन शंका. दुकानातली अंडी कोंबडीखाली ठेवली तर पिलं निघतील का? आणि मुलीनं जत्रेत हट्टानं गुलाबी-हिरव्या रंगाची चार पिलं घेतली होती, तीन दिवसांत सगळी गेली. ती अजून रडते. आमचं काय चुकलं?

गोठाडॉक्टर | ११ मार्च, दुपारी ४:००

दुकानातली अंडी पिंजऱ्यातल्या लेअर, म्हणजे फक्त अंड्यांसाठी पाळलेल्या, कोंबड्यांची असतात. तिथे कोंबडा नसतोच, त्यामुळे २१ काय ५१ दिवस ठेवलीत तरी काही निघणार नाही.

रंगीत पिलांबद्दल मुलीला सांगा की तिची चूक नव्हती. ती बहुधा लेअरच्या हॅचरीतली नर पिलं असतात. अंडी देणार नाहीत, मांसही वेळेत भरत नाही, म्हणून हॅचरीला ती नकोशी. रंगात बुडवून, पाटीत कोंबून, उन्हात दिवसभर फिरवलेली. पहिल्या आठवड्यात पिलाला ३५ अंशांची ऊब लागते, पुढे दर आठवड्याला तीनेक अंश कमी. आईविना, बल्बविना ती रात्र काढूच शकत नाहीत. पुढच्या वेळी पिलं घ्याल तेव्हा माहीत असलेल्या ठिकाणाहून, लस टोचलेली, महिन्याची घ्या. गिरिराज, वनराज, ग्रामप्रिया या परसासाठीच तयार केलेल्या जाती आहेत, त्यांनी सुरुवात करा. एक लक्षात ठेवा, या कोंबड्या क्वचितच खुडूक होतात आणि त्यांची पुढची पिढी तंतोतंत तशी येत नाही. पिलं आपल्याच परसात निघावीत असं वाटत असेल तर एखादी गावठी कोंबडी हवीच.

टेम्सकाठ | १२ मार्च, पहाटे ३:१०

इंग्लंडमधून वाचतोय, मूळचा सांगलीचा. मागच्या बागेत पाच कोंबड्या आहेत. इथे हिवाळ्यात दिवस आठ तासांचा होतो तेव्हा अंडी जवळजवळ बंद पडतात आणि फेब्रुवारीच्या मध्यापासून पुन्हा सुरू. पहिलं अंडं मिळतं तो आमचा वसंत. तुमच्याकडे दिवस फार लहान-मोठा होत नाही, तरी माघ-फाल्गुनात अंडी वाढतात असं आजी म्हणायची, ते या वाढत्या उजेडामुळेच असावं.

तुम्हाला नवल वाटेल, इथे एक कोंबडी पाळली तरी सरकारी नोंदणी सक्तीची आहे, इंग्लंडमध्ये १ ऑक्टोबर २०२४ पासून. बर्ड फ्लूची भीती असली की कोंबड्या आडोशाला कोंडून ठेवायचा हुकूम निघतो. आणि स्वयंपाकघरातलं उरलंसुरलं त्यांना घालणं हा गुन्हा आहे. आईनं इथे येऊन पहिल्याच दिवशी भाकरीचा चुरा नेऊन घातला, तेव्हा तिला कसं सांगावं तेच मला कळेना. केवडाताई, तुमच्या तांबडीचं पुढे काय होतं ते लिहीत राहा. मी रोज उघडून बघणार आहे.

केवडा | १६ मार्च, रात्री १०:३०

बसवल्या!

पाच घरं, सहा कोंबड्या, ६३ अंडी. सहावी कशी आली तर वरच्या घरच्या दोघी एकदम खुडूक झाल्या. खालच्या घरची मात्र काल दुपारपर्यंत नुसती ये-जा करत होती. आमच्या घरी पालखी आली तेव्हा ढोल-ताशानं सगळ्या कोंबड्या आगरात पळाल्या आणि मला वाटलं आता तांबडीही उठणार. ती डोळे मिटून बसून राहिली. देव खळ्यात नाचत होता, मी नारळ ओवाळत होते आणि लक्ष सगळं पडवीच्या कोपऱ्यात.

आज अंधार पडल्यावर कंदील घेऊन घरोघर फिरलो. टोपलीत खाली राख, त्यावर निर्गुडीचा पाला, वर भाताचा पेंढा. राख आणि पाला पिसवांसाठी. खुडूक कोंबडी राखेत लोळायला उठत नाही, त्यामुळे पिसवा तिच्यावरच मातात आणि त्या इतक्या चावतात की कोंबडी रवण सोडून जाते. माझ्या सासूबाईंनी प्रत्येक टोपलीत एक लोखंडी खिळा आणि कोळशाचा तुकडा ठेवला. वीज कडाडली तर अंडी बाद होऊ नयेत म्हणून. मीही हात जोडले.

काकींची काळी फार लहान आहे, तिला ९ च दिली. तांबडीला १२. अंगाखाली सगळी झाकली गेली पाहिजेत, एक जरी बाहेर डोकावलं तरी फिरवताना आळीपाळीनं सगळीच गार पडतात.

डोंगरवाट | १७ मार्च, सकाळी ६:२०

छान काम झालं. आता रोज एकदा, वेळ ठरवून, तिला उचलून बाहेर ठेवा. दाणा, पाणी, हगणं, राखेत लोळणं, पंधरा-वीस मिनिटांत आपणच परत जाते. काही कोंबड्या इतक्या निष्ठेनं बसतात की उठवलं नाही तर खात नाहीत, एकविसाव्या दिवशी हाडं लागतात हाताला. मका किंवा ज्वारी द्या, कोंड्याचा लगदा नको. घट्ट दाण्यावर राहिली तर टोपली घाण होत नाही.

केवडा | २३ मार्च, रात्री ९:१०

सातवा दिवस. रात्री खोली अंधारी करून मोबाइलच्या टॉर्चवर पुठ्ठ्याची नळी धरली आणि एकेक अंडं उजेडात बघितलं. वाडीतली सगळी पोरं जमली होती. ज्यात जीव आहे त्यात मध्ये काळा ठिपका आणि त्यातून कोळ्याच्या पायांसारख्या लाल रेषा. एका अंड्यात ठिपका हलला, तेव्हा काकींच्या नातीनं माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठला.

६३ मधली ९ स्वच्छ निघाली, नुसता पिवळा उजेड. ती काढली. ५४ राहिली. स्वच्छ निघालेल्यांत ५ एकाच घरची, त्यांचा कोंबडा म्हातारा झालाय. पुढच्या रवणीला आमच्या कोंबड्याची अंडी त्यांना देणार.

वऱ्हाडवाटा | २४ मार्च, सकाळी ११:००

ती काढलेली अंडी फेकू नका, उकडून चुरून ठेवा. पिलं निघाल्यावर पहिल्या दिवसांत नको, पण मोठ्या कोंबड्यांना आत्ता घाला. उन्हाळ्यात त्यांना ताकद लागते.

आमच्याकडं गोणपाट ओलं करून खुराड्याच्या जाळीला टांगणं सुरू झालं. कोरड्या हवेत इतका फरक पडतो की आत शिरलं की जाणवतं.

केवडा | २४ मार्च, रात्री ९:००

गोणपाट आम्ही गेल्या वर्षी टांगलं होतं. दमट हवेत ते वाळतच नाही, उलट आत कोंदट होतं आणि कोंबड्या जास्त धापा टाकतात. आम्ही पत्र्यावर माडाच्या झावळ्या दोन थर टाकतो आणि चारही बाजू मोकळ्या ठेवतो. पाण्याचं मातीचं परळ दिवसातून तीनदा बदलतो. अंड्यांची कवचं मात्र पातळ झालीत, कालच्या दोन अंड्यांना बोट लागताच चीर गेली.

गोठाडॉक्टर | २५ मार्च, सकाळी ७:३०

कवच पातळ होण्याचं कारण ती धापच आहे. कोंबडीला घाम येत नाही, ती तोंड वासून वाफेनं अंग थंड करते. त्यात रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि कवचाचं कार्बोनेट कमी पडतं. खाणंही घटतं म्हणून कॅल्शियमही कमी. तुम्ही समुद्रापासून लांब नाही, तिसऱ्यांचे शिंपले भाजून कुटून वेगळ्या भांड्यात ठेवा. जिला हवं ती खाते, दाण्यात मिसळू नका. आणि दाणा पहाटे व सूर्यास्ताच्या सुमारास घाला, दुपारी नको. पचनाची उष्णता दुपारच्या उन्हात भर घालते.

केवडा | २ एप्रिल, पहाटे ५:४५

रात्रभर झोप नाही. काल संध्याकाळी सातला आभाळ भरून आलं, सोसाट्याचा वारा सुटला आणि गारांसकट पाऊस. वरच्या घरच्या एका टोपलीवर पत्र्याचं पाणी धो धो आलं. ती कोंबडी घाबरून बाहेर पळाली आणि अंधारात सापडेना. अंडी तासाभराहून जास्त उघडी पडली. पळापळीत दोन फुटली, आत पूर्ण वाढलेली पिलं होती, ते बघवलं नाही. उरलेली ९ आम्ही फडक्यात गुंडाळून चुलीच्या ओट्यावर ठेवली. साडेनऊला कोंबडी फणसाखाली मिळाली, भिजून चिंब. तिला गोणपाटानं पुसून, निखाऱ्याजवळ कोरडी करून पुन्हा बसवली. बसली.

तांबडी जागची हलली नाही.

डॉक्टर, त्या नऊ अंड्यांत काही आशा आहे का?

गोठाडॉक्टर | २ एप्रिल, सकाळी ६:३०

आशा आहे. सोळाव्या दिवशी आतलं पिलू स्वतःची थोडी ऊब करू लागलेलं असतं. तासभराचा गारवा कित्येक पिलं सोसतात, फार तर निघायला अर्धा-एक दिवस उशीर. टॉर्चनं बघायच्या फंदात आता पडू नका, हलवाहलव नको.

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. गडगडाटानं अंडी बाद होतात असं अनेक गावांत मानतात. आवाजानं अंडी मरत नाहीत, पण वादळी रात्री कोंबडी उठते, अंडी भिजतात, गारठतात आणि मरतात हे आपण आत्ता पाहिलंच. पूर्वीच्या बायकांनी वादळ आणि बाद अंडी यांची जोडी बरोबर हेरली होती.

केवडा | ६ एप्रिल, दुपारी १:१५

काल रात्री अकराला तांबडीखालून बारीक चिवचिव ऐकू आली. अंड्याच्या आतून! आणि तांबडी अगदी खालच्या आवाजात घुमल्यासारखी उत्तर देत होती. पहाटे दोन अंड्यांना टवका पडला होता. मी काही हात लावला नाही. गेल्या वर्षी एका पिलाला मदत म्हणून कवच सोललं आणि रक्त आलं, ते गेलं. यंदा नुसती बसून राहिले.

आज रामनवमी. देवळात जन्माचा पाळणा चालू असताना घरी तांबडीची दहा पिलं कोरडी होऊन पंखांतून डोकी काढत होती. काळीची आठ. इतर घरून निरोप येतायत. वादळातल्या कोंबडीकडे अजून काही नाही.

टेम्सकाठ | ६ एप्रिल, दुपारी २:००

सकाळपासून पान ताजं करत बसलो होतो. आईला फोनवर वाचून दाखवलं. ती म्हणाली, लगेच कण्या घालू नका म्हणावं, पहिला दिवस पोटात असतं त्यांच्या.

गोठाडॉक्टर | ६ एप्रिल, दुपारी ३:२०

आईंचं बरोबर आहे. निघण्याआधी पिलू बलक पोटात ओढून घेतं, त्यावर दोन दिवस सहज जातात. म्हणूनच कोंबडी उशिरा निघणाऱ्यांसाठी थांबू शकते. पाणी मात्र उथळ झाकणीत ठेवा, आत खडे टाकून, म्हणजे पिलं बुडणार नाहीत.

केवडा | ८ एप्रिल, रात्री ९:३०

एकूण ४४ पिलं. ५२ अंड्यांतून ४४. वादळातल्या नऊमधून ४ निघाली, एक दिवस उशिरा, आणि चारही टणक आहेत. ती चार पिलं आम्ही रात्री वरच्या घरच्या दुसऱ्या कोंबडीखाली सरकवली, तिनं सकाळी आपलीच म्हणून घेतली. पहिलीला आता मोकळं केलंय, महिन्याभरात पुन्हा अंड्यावर येईल. सगळ्यांनी एकदम बसवल्याचा हा फायदा मी आधी धरलाच नव्हता.

डालग्याखाली पिलांची गडबड बघत संध्याकाळ कशी जाते कळत नाही. आज सासऱ्यांनी वाळवी धरली. मडक्यात ओलं शेण आणि पेंढा भरून ते काल बांधावर वाळवीच्या जागी पालथं घातलं होतं, आज उचललं तर आत वळवळ. खळ्यात झटकलं आणि तांबडीनं अशी काही हाक घातली की दहाही पिलं धावली. ती स्वतः एक किडा खात नव्हती, चोचीत धरून खाली टाकत होती.

डोंगरवाट | ९ एप्रिल, सकाळी ६:४५

घारीकडं लक्ष ठेवा. पहिले पंधरा दिवस आकाशातून येणारं आणि जमिनीवरून येणारं, दोन्ही. कान देऊन ऐकलंत तर कळेल, घार दिसली की कोंबडी एकच लांब ताणलेला आवाज काढते, पिलं जागच्या जागी दबतात. मुंगूस किंवा मांजर असलं की कोकाट सुरू करते, थांबतच नाही. कुठला आवाज आहे त्यावरून वर बघायचं की खाली ते ठरवायचं.

केवडा | १२ एप्रिल, रात्री ८:००

आज हनुमान जयंती. सकाळी सातला आमच्या खळ्यात पाच घरची डालगी आली. घारीनं दोन नेली आणि एक अशक्त होतं ते गेलं, म्हणजे पिलं ४१. डॉक्टरांनी मला निरोपात सांगितलं होतं की मोठ्या कोंबड्यांनाही थेंब द्या, म्हणून त्या ४९. एकूण ९०.

कुपी बर्फाच्या थर्मासमध्ये, ती आणायला गाडीवर देवरूखला पुतण्या पहाटेच गेला होता. विरघळवली, ड्रॉपरनं एका डोळ्यात एक थेंब. पिलू डोळा मिटतं, उघडतं, थेंब आत गेला की सोडायचं. पोरांनी धरायचं, काकींनी मोजायचं, मी थेंब टाकायचा. ५० मिनिटांत संपलं. १०० मधले दहाच डोस उरले. खर्च पाच घरांत वाटला तेव्हा घरटी जे आले ते एका गावठी अंड्याच्या किमतीच्या चार-पाच पट, बस.

काम झाल्यावर सगळ्यांना पोहे केले. पाच घरं एका खळ्यात गणपतीनंतर पहिल्यांदा बसली.

वऱ्हाडवाटा | १३ एप्रिल, सकाळी १०:४५

केवडाताई, हे आईला वाचून दाखवलं. आमच्या मोहल्ल्यात नऊ घरी कोंबड्या आहेत. पुढच्या संक्रांतीनंतर आम्हीही एकच दिवस धरणार. आई म्हणते तिथी मी काढते.

नवखा_परस | १३ एप्रिल, रात्री ९:२०

बर्ड फ्लूची बातमी ऐकली की शेजारी आमच्याकडे संशयानं बघतात. परसातल्या कोंबड्यांना धोका कितपत?

गोठाडॉक्टर | १४ एप्रिल, सकाळी ७:१०

भारतात तो पहिल्यांदा आढळला तो २००६ मध्ये, आपल्याच नंदुरबार जिल्ह्यात नवापूरला, पोल्ट्री फार्मवर. २०२१ मध्ये नवापुरात पुन्हा आला. परसातल्या कोंबड्यांना धोका मुख्यतः रानपाखरांच्या, बदकांच्या संपर्कातून. दाणा-पाणी उघड्यावर सांडून ठेवू नका, म्हणजे कावळे-बगळे येत नाहीत. बाजारातून आणलेली नवी कोंबडी दोन आठवडे वेगळी ठेवा. एकाएकी बऱ्याच कोंबड्या मेल्या, तुरे निळे पडले, तर लपवू नका. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याला त्याच दिवशी कळवा, मेलेली पुरा, खाऊ नका, कोणाला देऊ नका. नीट शिजवलेलं अंडं-मांस सुरक्षित आहे हे शेजाऱ्यांना जरूर सांगा.

केवडा | ४ मे, रात्री ९:००

दुसरा डोस आज दिला, पिलांना अठ्ठावीस दिवस झाले. ३८ पिलं. तीन मुंगसानं नेली, एकाच दुपारी, कारण मी आंबे उतरवायला गेले होते आणि कुडणाचं दार उघडं राहिलं. आता दार आपोआप मिटावं म्हणून फळीला दगड बांधलाय.

मानमोडी खालच्या गावात आली आहे. आमच्या वाडीत अजून एकही नाही. रोज सकाळी खुराडं उघडताना छातीत धडधडतं.

डोंगरवाट | ५ मे, सकाळी ६:३०

खालच्या गावातून कोंबडी, अंडी, टोपली, काहीही आणू नका महिनाभर. पाहुणे आले तर खुराड्याकडं नेऊ नका, चपलांतून येतं.

केवडा | २८ मे, दुपारी ४:३०

माझा मृगाचा हिशोब पावसानं मानला नाही. गेल्या आठवड्यापासूनच कोसळत होता आणि २५ तारखेला तर मोसमी पाऊस कोकणात आल्याचं जाहीर झालं. पिलं सात आठवड्यांची आहेत, मला नऊ हवे होते.

खुराड्याची जमीन तीन दिवसांत ओली झाली. एका सकाळी दोन पिलं पिसं फुगवून, पंख सोडून उभी, शिटेत रक्त. डॉक्टरांना रात्री फोटो पाठवला, त्यांनी रक्ती हगवण ओळखली आणि अँप्रोलियम पाण्यातून द्यायला सांगितलं, प्रमाणही लिहून दिलं. सगळं भाताचं तूस काढून नवं घातलं, खाली चुना भुरभुरला, दिवसातून दोनदा परततोय. काजूच्या गोदामातल्या लाकडी फळ्या आणून खुराड्यात हातभर उंच माचा केला, पिलं आता जमिनीवर झोपत नाहीत. सगळ्या घरी तसाच केला. तीन गेली. ३५ आहेत, खातायत.

गेल्या वर्षी याच दिवसांत मी रोज एक-दोन पुरत होते.

गोठाडॉक्टर | २८ मे, संध्याकाळी ७:००

औषध पाच दिवस पूर्ण द्या, बरी दिसली तरी मध्येच थांबवू नका. १ जूनला आठ आठवडे होतात, आर टू बीची, म्हणजे मानमोडीच्या टोचायच्या लसीची, वेळ. ही जोरकस लस आहे, आजारी पिलाला टोचायची नाही. ज्यांच्या शिटेत अजून रक्त आहे ती आठवडाभर मागे ठेवा. अंड्यावर असलेल्या मोठ्या कोंबड्यांनाही ही नको.

केवडा | १ जून, रात्री ८:४०

टोचून झाली, भर पावसात, आमच्या पडवीत. ३५ पैकी ३३ ना दिली, दोन मागे ठेवली आहेत, ती आठला. काकींच्या काळीची पिलं आता काळीएवढीच दिसतात, तरी रात्री तिच्या पंखाखाली शिरायला बघतात आणि ती चोच मारून हाकलते.

तांबडी आजपासून पुन्हा अंड्यावर आली. सकाळी पेंढ्यात एक अंडं होतं, कवच चांगलं जाड. काकींच्या नातीनं त्यावर कोळशानं तारीख लिहिली.